परका मुलुख नेमका कुणाचा?

आज एका उद्यानाबद्दल बोलायचं आहे. पुस्तकाची समीक्षा करतात, नाटकाची करतात, मग उद्यानाची का नको? शेवटी उद्यान हीसुद्धा कुणीतरी रचलेली गोष्टच असते. काय ठेवायचं, काय पाडायचं, पाटीवर कोणता शब्द लिहायचा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. आणि जिथं ठरवणं आलं तिथं आमच्यासारख्यांची लुडबुड आलीच.

तैवानमध्ये ताओयुआन नावाचं शहर आहे. तैपेईहून रेल्वेनं चोंगली स्टेशनवर उतरायचं आणि बसनं लोंगगांग भागात जायचं. तिथं 'चोंगचन नवग्राम' नावाची लष्करी कुटुंबांची वसाहत होती. चोंगचन म्हणजे एकनिष्ठ. वसाहत आता नाही. त्या जागेवर सांस्कृतिक उद्यान आहे, आणि उद्यानात एक संग्रहालय आहे. त्याचं नाव 'यीयू कथागृह'. यीयू म्हणजे परका मुलुख. आम्ही चौघं एका रविवारी तिथं गेलो होतो. चौघांपैकी एकीचं आजोळ उल्हासनगरचं, सिंधी. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा एक प्रश्न येणार आहे, आणि खरं तर आजचं सगळं व्याख्यान त्या प्रश्नातूनच निघालेलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९४९ मध्ये चीनमधलं यादवी युद्ध हरून च्यांग काय-शेक यांचं सरकार तैवानला आलं. त्यांच्याबरोबर दहा लाखांहून अधिक माणसं आली, त्यांत फौजी आणि त्यांची कुटुंबं मोठ्या संख्येनं. त्यांना ठेवायचं कुठं? म्हणून बेटभर वसाहती उभ्या राहिल्या. चिनीत त्यांना 'ज्वेनत्सुन' म्हणतात, म्हणजे फौजींच्या बायकापोरांचं गाव. अशी आठशेहून अधिक गावं झाली. सुरुवातीची घरं बांबू आणि मातीची, कुंपणंही बांबूचीच. पाणी, संडास सार्वजनिक. तांदूळ, पीठ, तेल, मीठ यांचं रेशन घरात माणसं किती त्यावर मिळायचं. पक्कं बांधायची गरजच काय, लवकरच परत जायचं आहे, असं वरपासून खालपर्यंत सगळे म्हणत होते. ते 'लवकरच' चाळीस वर्षं चाललं. १९८७ मध्ये लष्करी कायदा उठला, आणि त्याच वर्षी म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांना गावाकडच्या नातेवाइकांना भेटायला जायची परवानगी मिळाली.

तात्पुरतं म्हणून बांधलेलं कायमचं होणं, हे आपल्याला काही नवीन नाही. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवलं आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन' म्हणतो. छावणी गेली, आकडा राहिला.

तर तैवानात १९९६ मध्ये जुन्या वसाहतींच्या पुनर्बांधणीचा कायदा झाला. बैठी घरं पाडायची, उंच इमारती बांधायच्या, रहिवाशांना फ्लॅट द्यायचे. रहिवाशांची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. गळक्या छपराबद्दलचं प्रेम ते छप्पर सोडून गेल्यावरच सुचतं. पण गावं भराभर जाऊ लागली तशी हुरहुर लागली, आणि २००७ मध्ये त्याच कायद्यात दुरुस्ती होऊन वसाहतींची संस्कृती जपण्याचा मुद्दा त्यात आला. मधल्या अकरा वर्षांत जे पडायचं ते पडून गेलं होतं. तैपेईतल्या ४४ दक्षिण गावाच्या चार चाळी उरल्या आहेत आणि त्यांच्या मागे तैपेई १०१ हा प्रचंड मनोरा दिसतो. लोक तिथं फोटो काढायला जातात, आम्हीही काढला. ताईचोंगमध्ये एका म्हाताऱ्या सैनिकानं पाडायला काढलेल्या घरांच्या भिंती रंगवल्या, आणि त्या रंगांनी ती घरं वाचवली. त्याला इंद्रधनुष्य गाव म्हणतात.

चोंगचनचं प्रकरण मात्र वेगळं आहे. तिथले लोक शांघायहून किंवा चिंगताओहून जहाजानं आले नव्हते. ते ब्रह्मदेशातून आले.

१९५० च्या सुरुवातीला युनान प्रांतात हरलेल्या फौजेचे काही तुकडे सरहद्द ओलांडून ब्रह्मदेशाच्या शान डोंगरांत शिरले. सुरुवातीला फार तर दीड हजार माणसं असतील. जनरल ली मी यांनी त्यांची सूत्रं हातात घेतली, अमेरिकेच्या सीआयएनं गुपचूप रसद पुरवली, स्थानिक भरती झाली, आणि तीनेक वर्षांत ही संख्या बारा हजारांच्या घरात गेली. चीनवर परत चाल करून जाण्याचे प्रयत्न झाले, ते फसले. ब्रह्मदेश नुकताच स्वतंत्र झालेला. त्याच्या भूमीवर दुसऱ्याच देशाची फौज ठाण मांडून बसलेली. ब्रह्मदेशानं संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली. एप्रिल १९५३ मध्ये आमसभेनं ठराव केला की या परकीय फौजांनी शस्त्रं टाकावीत आणि निघून जावं. १९५३-५४ मध्ये साडेसहा-सात हजार माणसं, बायकापोरांसह, थायलंडमार्गे विमानानं तैवानला नेण्यात आली. त्यांतल्या काहींसाठी चोंगचन नवग्राम बसवलं गेलं. १९६१ मध्ये दुसरी खेप निघाली, सुमारे चार हजारांची. त्यातले काही मध्य तैवानच्या डोंगरांत छिंगजिंगला शेती करायला पाठवले गेले. आज ते थंड हवेचं ठिकाण आहे.

आता संग्रहालयाच्या नावाकडे येऊ. 'यीयू' हे एका कादंबरीचं नाव आहे. १९६१ मध्ये बो यांग या लेखकानं ती लिहिली. पण पुस्तकावर नाव होतं तंग खपाओ, आणि हा तंग खपाओ त्या डोंगरांत लढलेला अधिकारी आहे असं भासवलेलं होतं. निवेदन प्रथमपुरुषी; आपलीच हकीकत सांगतोय असं. प्रत्यक्षात बो यांग तैपेईत पत्रकारी करत होते. परत आलेल्यांच्या हकीकतींवरून त्यांनी ते लिहिलं. त्या डोंगरांत त्यांनी तोवर पाऊल ठेवलेलं नव्हतं. पुस्तक अफाट खपलं. हजारो लोकांना ती खरी आठवण वाटली. आपल्याच सरकारनं वाऱ्यावर सोडलेल्या फौजेची ती कहाणी होती, त्यामुळे वरच्यांना ती रुचली नाही. पुढे १९६८ मध्ये बो यांगना अटक झाली, ती मात्र पॉपाय या कार्टूनच्या भाषांतरावरून! त्यातला बेटावरचा राजा म्हणजे आपलीच थट्टा, असा सत्ताधाऱ्यांचा समज. नऊ वर्षं तुरुंगात गेली. १९८२ मध्ये ते पहिल्यांदा उत्तर थायलंडमधल्या त्या वस्त्यांवर गेले.

म्हणजे बघा, एका खऱ्या गावाच्या जागेवर खरं संग्रहालय बांधलं आणि त्याला नाव दिलं काल्पनिक आत्मकथेचं. ज्यानं ती लिहिली तो तिथं गेला नव्हता आणि ज्याच्या नावानं लिहिली तो जन्मालाच आला नव्हता. यात आम्हाला गैर काही वाटत नाही. पुष्कळ वेळा लोकांना स्वतःची आठवणसुद्धा कादंबरीतून परत मिळते. पानिपताबद्दल आपल्या मनात जे आहे त्यातलं कागदपत्रांतून किती आलं आणि कादंबऱ्यांतून किती, हे जरा तपासून बघावं. आमची हरकत नावाच्या अर्थाला आहे.

परका मुलुख. कुणाला परका?

सैनिकाला. त्याचं घर युनानमध्ये, तो ब्रह्मदेशाच्या जंगलात अडकला, म्हणून ते जंगल परकं. कादंबरी त्याची आहे, नाव त्याच्या तोंडी शोभतं. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावात तर हाच सैनिक परकीय आहे. एकच शब्द, पण बोलणारा बदलला की बोट उलटं फिरतं. आणि तिसरी बाजू राहतेच. या सैनिकांपैकी पुष्कळांनी तिथल्याच मुलींशी लग्नं केली. लाहू, अखा, वा, शान, काचिन, अशा डोंगरी समाजांतल्या मुली. कुणी राजीखुशीनं आली असेल. कुणाचं कसं ठरलं असेल, सांगता येत नाही. चालत्या फौजेत मुलगी देणं किंवा नेणं याची काही नोंद राहत नाही. या बायकांना ते डोंगर परके नव्हते. ते त्यांचं माहेर होतं. त्यांचा परका मुलुख म्हणजे तैवान.

आमच्यातली उल्हासनगरवाली दालनात बराच वेळ नकाशापाशी उभी होती. बाणांनी मार्ग दाखवलेला असतो ना, फौज कुठून कुठं गेली, तसा तो नकाशा. ती म्हणाली, "हे सगळे बाण बाप्यांचे आहेत. आजी कुठं आहे यात?"

आजी होती. शेजारच्या कपाटात तिचा पोशाख होता.

याच ठिकाणी आम्हाला हे उद्यान समजलं आणि इथंच ते आम्हाला खटकलं. पुरुषांना इतिहास मिळाला आणि बायकांना संस्कृती. त्याच्याकडे वर्ष आहे, पलटणीचा क्रमांक आहे, हुकूम आहे, पराभव आहे. तिच्याकडे भरजरी टोपी, चांदीची बटणं आणि पाककृती. 'बहुसांस्कृतिक' हा शब्द उद्यानाबद्दलच्या बोलण्यात सारखा येतो, आणि बहुतेक वेळा तो तिच्याच जिवावर उभा असतो. फौज तर एकाच सरकारची होती. तिच्यामुळे वस्ती अनेक समाजांची झाली. पण ती तिथं कशी आली, हे विचारलं की टोपीकडे बोट.

सरकारी कागदांनी तर तिला आणखी पुसलं. तैवानमध्ये १९९२ पर्यंत नोंदवहीत माणसाचं मूळगाव वडिलांवरून लागायचं. म्हणजे लाहू आईच्या पोटी लोंगगांगमध्ये जन्मलेला मुलगा कागदावर युनानचा, 'बाहेरच्या प्रांतातला' चिनी. नव्वदच्या दशकात तैवानी समाज म्हणजे चार गट अशी मांडणी रूढ झाली: होक्लो, हक्का, बाहेरच्या प्रांतांतले आणि आदिवासी. या चारांत हा मुलगा तिसऱ्या खणात. आई कोणत्याच खणात नाही. इथल्या आदिवासींत ती बसत नाही, कारण ती इथली नाही. आणि चीनमधून तर ती आलेलीच नव्हती.

माहेरी जायचं म्हटलं तरी सोपं नव्हतं. ब्रह्मदेशानं बीजिंगच्या सरकारला आधीच मान्यता दिलेली. १९६२ मध्ये तिथं ने विन यांची लष्करी राजवट आली आणि देशाची दारंच जवळजवळ बंद झाली. वसाहतींवरच्या साहित्यात, चू थिएन-शिन यांच्या लेखनापासून ते स्टॅन लाय आणि वांग वेई-चुंग यांच्या २००८ च्या 'बेटावरचं एक गाव' या नाटकापर्यंत, गावाकडची ओढ हा मोठा विषय. १९८७ नंतर म्हातारा बाप परत जातो, आईच्या थडग्यापाशी रडतो. लोंगगांगमधल्या आईच्या आईचं थडगं कुणी शोधलं?

यावर आमच्यातच वाद झाला, तोही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. एक मित्र म्हणाला, तुम्ही उगाच कुरकुरता. तीस वर्षांपूर्वी हे संग्रहालय झालं असतं तर भिंतभर कम्युनिस्टविरोधी शूरवीर असते आणि दारात च्यांग काय-शेक यांचा पुतळा. आज निदान टोपी तरी आहे, आणि टोपीखाली त्या समाजाचं नाव आहे. नातवंडं तो पोशाख घालून सणाला नाचतात, आजीची भाषा दोन-चार शब्द का होईना बोलतात. सूची करणाऱ्यानं कप्पा पाडला म्हणून तर शोधायला जागा मिळाली. हे बरोबर आहे. आम्ही त्याला उत्तर दिलं नाही, कारण आमच्याकडे नव्हतं. एवढंच म्हणू की कप्पा मिळाला, आता त्यात नुसता पोशाख नको, तारीखही ठेवा.

जेवणाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण निम्मे लोक लोंगगांगला जातात ते जेवायलाच. तिथला मुख्य पदार्थ मीकान. तांदूळ भिजवून दळायचा, पातळ थर ताटात वाफवायचा, उचलून वाळत टाकायचा आणि मग पट्ट्या कापायच्या. आपली सालपापडी डोळ्यांपुढे आणा, फक्त ती वाळून कडक व्हायच्या आत कापून रश्शात घातलेली. त्यावर वाटाण्याच्या पिठाचं सरसरीत काहीतरी ओततात. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात म्हणालो, पिठलं! मीकानचा वार्षिक उत्सवही भरतो. नवरे फौजेच्या पगारावर, पगार तुटपुंजा, म्हणून बायकांनी घरातला पदार्थ दारात आणून विकला. आज जी खाद्यसंस्कृती म्हणून मिरवते ती त्यांची कमाई होती. दुकानांत हे न सांगता कळतं, कारण तिथं अजून कुणीतरी पहाटे उठून तांदूळ वाटतं. एक दुकान तर तैवानच्या राष्ट्रध्वजांनी आतून-बाहेरून मढवलेलं आहे. आम्ही आधी हसलो. मग लक्षात आलं की ज्यांना एका सरकारनं जंगलात ठेवलं, दुसऱ्यानं हाकललं, त्यांना झेंडा जरा जास्तच लागत असेल.

आता जे उद्यानात फारसं येत नाही त्याबद्दल. एक म्हणजे अफू. या फौजेच्या अवशेषांनी सोनेरी त्रिकोणातल्या अफूच्या व्यापारावर गुजराण केली, तांडे चालवले, वाटेत कर घेतले. हे इतिहासकारांनी भरपूर लिहून ठेवलेलं आहे. कुटुंबांनी फिरायला यायच्या जागेत तो विषय अवघड, हे समजतं. पण तो वगळला की एकाकी सेना हे नुसतं करुण प्रकरण होतं, आणि ज्या डोंगरी गावांवरून हे तांडे गेले त्यांची बाजू उरतच नाही. ती गावं त्या आज्यांचीच होती.

दुसरं म्हणजे मागे राहिलेले. सगळे आले नाहीत. काही हजार थायलंडच्या उत्तरेत मे सालोंगसारख्या ठिकाणी राहिले. थाई सरकारनं त्यांना तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्ध वापरलं आणि मग हळूहळू नागरिकत्व दिलं. त्यांची मुलं-नातवंडं शिकायला म्हणून तैवानला आली. काहींकडे कुठल्याच देशाचा धड पासपोर्ट नव्हता. शिक्षण संपलं, मुदत संपली, परत जायला देश नाही. २००८ मध्ये त्यांनी तैपेईत उघड आंदोलन केलं, तेव्हा कुठं कायद्यात वाट काढली गेली. ज्या फौजेच्या नावानं एकनिष्ठ गाव वसवलं, तिच्याच नातवंडांना दारात उभं ठेवलं होतं. पोशाखांच्या कपाटाशेजारी त्यातलं एखादं मुदत संपलेलं कागदपत्र ठेवलं तर? आम्हाला वाटतं, पाहणारा तिथं जास्त वेळ थांबेल.

आणि तिसरं घरांबद्दल. चोंगचनपासून थोड्याच अंतरावर मात्सू नवग्राम आहे. १९५७ मध्ये अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी बांधलेलं. तिथून इतके जनरल निघाले की त्याला जनरलांचं गाव म्हणतात. ते जपलेलं आहे. गल्ल्या आहेत, अंगणं आहेत, झाडं आहेत, घरांत आता चित्रप्रदर्शनं आणि कॉफी. आम्ही दोन्ही जागा एकाच दिवशी पाहिल्या, आणि फरक असा की जनरलांची घरं उरली, युनानच्या शिपायांची जवळपास सगळी गेली. कुणी ठरवून केलं असं आम्ही म्हणत नाही. चांगलं बांधलेलं टिकतं, टिकलेलं वारसा ठरतं. आणि चांगलं बांधून कुणाला मिळालं होतं, ते सर्वांना ठाऊक आहे. चोंगचनच्या वाट्याला घरांऐवजी कथागृह आलं. घर नसलं की कथा सांगावी लागते.

दुपारी आम्ही लोंगगांगच्या मशिदीत गेलो. युनानमधून आलेल्या मुसलमान सैनिकांनी १९६४ मध्ये ती सुरू केली. ती उद्यानाचा भाग नाही, तिथं तिकीट नाही, बाणांचा नकाशा नाही. रविवार असल्यामुळे वर्दळ होती. त्यात इंडोनेशियातून कारखान्यांत कामाला आलेली तरुण मुलंमुली बरीच होती; चोंगली स्टेशनच्या आसपास सुट्टीच्या दिवशी त्यांचीच गर्दी असते. युनानी म्हाताऱ्यांनी बांधलेल्या जागेत आज जावाचे मजूर वजू करतात. उद्यान ज्याला बहुसांस्कृतिक म्हणतं ते इथं कुणी काहीच न म्हणता चाललेलं होतं. आम्ही मंडळी दारातल्या चपलांच्या ढिगापाशी थोडा वेळ उभे राहिलो.

जाता जाता एक सूचना. त्या संग्रहालयाचं नाव बदलू नये. नाव चांगलं आहे, वादाला जागा देतं. फक्त दारावरच्या 'परका मुलुख' या अक्षरांखाली तेच शब्द लाहू, अखा, वा आणि शान भाषांत लिहावेत, आणि भाषांतर करायला त्या वस्तीतल्या एखाद्या आजीला बसवावं. ती कोणत्या जागेचं नाव सांगते ते बघावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत माईक द्या.